इतकी हसतात, मग भीती का वाटते?

समोरचा माणूस खळखळून हसला की आपलंही तोंड नकळत पसरतं. तान्ह्या बाळापासून सगळ्यांना लागू पडणारी ही गोष्ट. पण समकालीन चिनी चित्रांच्या प्रदर्शनात, युए मिन्जुनच्या एखाद्या कॅनव्हाससमोर थोडं बाजूला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहा. चित्रात गुलाबी कातडीचे पाच-सात पुरुष आहेत. डोळे घट्ट मिटलेले, जबडा फाकलेला, खदाखदा हसताहेत. पाहणारेही आधी हसतात. त्यांच्यासारखं तोंड करून फोटो काढून घेतात. मग फोन खिशात जातो, नजर पुन्हा चित्राकडे वळते आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरतं. काहीतरी खटकलेलं असतं, पण काय ते सांगता येत नाही.

शेजारच्या दालनात याच्या उलट प्रकार. तिथे झांग श्याओगांगची चित्रं. आई, वडील आणि मूल फोटोसाठी बसावं तशी बसलेली. कोणी हसत नाही, कोणी रडत नाही, काही घडतही नाही. तरी तिथे फार वेळ थांबवत नाही.

अतिवास्तववाद म्हटलं की आपल्यासमोर दालीची वितळणारी घड्याळं येतात, बारीक पायांचे हत्ती येतात. या दालनांत तसलं काही नाही. माणसं आहेत, कपडे आहेत, भिंत आहे. मग हा विचित्रपणा येतो कुठून? माझ्या मते त्याचं उत्तर स्वप्नांपेक्षा चीनच्या सरकारी चित्रकलेत जास्त सापडतं. पण तिथे जाण्याआधी चेहऱ्यांकडेच नीट पाहू.

हसण्यात बिनसतं कुठे?

एकोणिसाव्या शतकात डुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टराने माणसांच्या चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन पाहिले. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्याला हवा तेव्हा हलवता येतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र सहसा मनापासून हसू आलं तरच आकसतो. म्हणून नुसत्या ओठांनी हसणारा माणूस आपल्याला खोटा वाटतो. कार्यालयात साहेबाच्या विनोदावर हसणाऱ्यांचे डोळे पाहिलेत तर डुशेनला काय म्हणायचं होतं ते लगेच कळेल.

आता युए मिन्जुनची माणसं पाहा. त्यांचे डोळे आकसलेत, गाल वर चढलेत, तोंड उघडलंय. खऱ्या हसण्याच्या सगळ्या खुणा हजर आहेत, उलट गरजेपेक्षा जास्तच. दातांची रांग इतकी लांब आणि इतकी नेटकी की तेवढे दात माणसाच्या तोंडात मावणारच नाहीत. आपला मेंदू आधी ‘हा खरं हसतोय’ असा निकाल देऊन टाकतो, कारण खुणा जुळतात. मग तो पुढचे प्रश्न विचारायला लागतो. कशाला हसतोय? कोणाकडे बघून? आणि शेजारच्याचंही हसणं नेमकं तेवढंच, तसंच कसं?

हसणं मुळात वेळेत घडतं. ते सुरू होतं, वाढतं, विरतं. दहा माणसं एकाच विनोदावर हसली तरी दहांच्या दहा तऱ्हा असतात, आणि या फरकातूनच आपण कोण मनापासून हसतंय, कोण तोंडदेखलं, ते ओळखतो. युएने हे फरकच काढून टाकले. सगळ्यांना एकच चेहरा दिला, तोही स्वतःचा. चेहऱ्यावरून काहीही ओळखायची सोय उरली नाही की तो चेहरा मुखवट्यासारखा वाटायला लागतो, मग त्यावर कितीही आनंद रंगवलेला असो.

त्यात प्रसंग विपरीत. ‘एक्झिक्यूशन’ या १९९५ च्या चित्रात काही पुरुष नुसत्या चड्डीवर एका लाल भिंतीपुढे उभे आहेत आणि हसताहेत. समोर दुसरे काही जण नेम धरून उभे आहेत. त्यांच्या हातात बंदुका मात्र नाहीत. ही रचना फ्रेंच चित्रकार मानेच्या एका प्रसिद्ध चित्रावरून घेतलेली आहे, ज्यात मेक्सिकोच्या बादशहाला गोळ्या घालताना दाखवलंय. लाल भिंत पाहून चिनी माणसाला बीजिंगचं थिआनआनमेन आठवेल, हे वेगळं सांगायला नको. बंदुका चित्रात नाहीत म्हणून त्या आपणच मनात भरतो आणि मग हसणाऱ्यांकडे पाहणं अवघड होतं.

ही कल्पना युएला एकट्याला सुचली असं नाही. गंग ज्यान्यी या हांगझोच्या चित्रकाराने १९८७ मध्ये चार मोठ्या कॅनव्हासवर हसणारा चेहरा रंगवला होता. करड्या रंगातला तो चेहरा पाहताना हसणं आणि किंचाळणं यांतली सीमारेषा पुसट होते. ते चित्र पाहून आपल्याला वाट सापडली, हे युएने स्वतः मान्य केलंय. चीनच्या ईशान्येकडच्या ताछिंग या तेलखाणींच्या गावात १९६२ मध्ये जन्मलेला युए काही काळ तेल उद्योगात नोकरीला होता. नंतर बीजिंगबाहेर, जुन्या उन्हाळी राजवाड्याच्या अवशेषांजवळ स्वस्तात खोल्या घेऊन राहणाऱ्या चित्रकारांच्या वस्तीत तो आला. काळ होता १९८९ नंतरचा, थिआनआनमेन चौकात रणगाडे येऊन गेल्यानंतरचा.

भिंतीवरचा जुना फोटो

झांग श्याओगांगची चित्रं समजून घ्यायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. जुन्या घराच्या माजघरात आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला फोटो आठवा. फोटोग्राफरने काचेवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवलेल्या, भुवया कोरलेल्या, गालांवर आणि साडीच्या काठावर हाताने थोडा रंग भरलेला. आजोबा त्यात देखणे दिसतात. पण ज्यांनी त्यांना पाहिलंय ती माणसं म्हणतात, ‘हे काही आमचे अण्णा वाटत नाहीत.’ चेहरा दुरुस्त करता करता त्यातला माणूस निसटलेला असतो.

चीनमध्येही अशीच कारागिरी होती. फोटोवर हाताने रंग भरायचे आणि फोटोवरून कोळशाच्या भुकटीने मोठी व्यक्तिचित्रं करून द्यायची. खुनमिंगमध्ये १९५८ साली जन्मलेला झांग १९९२ मध्ये काही महिने जर्मनीत जाऊन आला. पाश्चात्त्य संग्रहालयं डोळे भरून पाहिली आणि आपण यांच्यासारखंच काहीतरी दुय्यम करत राहणार, अशी धास्ती घेऊन परतला. पुढच्या वर्षी घरी जुने फोटो चाळताना त्याला आपल्या आईचा तरुणपणीचा फोटो सापडला. ही आई त्याने कधी पाहिलीच नव्हती. त्याच्या बालपणी ती मानसिक आजाराने ग्रासलेली होती. त्या फोटोतून ‘ब्लडलाइन : बिग फॅमिली’ ही मालिका उभी राहिली.

ही चित्रं कशी काम करतात ते पायरीपायरीने बघू. पहिली पायरी म्हणजे ब्रशचा माग पुसणं. तैलरंगात ब्रशचा फटकारा दिसला की हे कोणीतरी काढलंय ही जाणीव जागी राहते. झांग रंगाचे पातळ थर एकावर एक देतो आणि पृष्ठभाग इतका गुळगुळीत करतो की समोर रंग आहे की धुरकट फोटो, ते पटकन कळत नाही. फोटोवर आपला विश्वास बसलेला असतो. तोच विश्वास तो उसना घेतो.

दुसरी पायरी, चेहरे एकमेकांत मिसळणं. वडील, आई, मुलगा तिघांचाही चेहरा लांबट, कपाळ रुंद, ओठ मिटलेले. रक्ताचं नातं म्हणून साम्य असेलच, पण इथे साम्य इतकं आहे की चुली वेगळ्या असलेली कुटुंबंसुद्धा एकाच साच्यातून आल्यासारखी दिसतात. माओच्या काळात सगळा देशच एक क्रांतिकारी कुटुंब असल्याचं सांगितलं जाई, हे लक्षात ठेवलं की ‘मोठं कुटुंब’ या शीर्षकातली बोच कळते.

तिसरी पायरी डोळ्यांची, आणि माझ्या मते सगळी जादू तिथेच आहे. माणसाच्या डोळ्यातला पांढरा भाग इतर प्राण्यांच्या मानाने ठळक दिसतो. त्यामुळे बुबुळ जरा सरकलं तरी समोरचा कुठे पाहतोय हे आपण अचूक ओळखतो. झांगच्या अनेक चेहऱ्यांत दोन बुबुळं अगदी किंचित वेगळ्या दिशांना असतात. तिरळं म्हणावं इतकंही नाही. पण मेंदूचं गणित सुटत नाही. हा माझ्याकडे बघतोय की माझ्या पलीकडे? आपण पुनःपुन्हा बघत राहतो आणि तो चेहरा हाती लागत नाही. डोळे मात्र काळेभोर, ओलसर. इतका थंड चेहरा आणि त्यात एवढे पाणीदार डोळे.

शेवटी दोन लहान खुणा. गालावर किंवा कपाळावर उजेडाचा एक डाग, जुन्या फोटोवर ओल चढावी तसा, किंवा जन्मखूण असावी तसा. आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारी लाल, दोऱ्याइतकी बारीक रेघ. ती रक्तवाहिनी आहे की बेडी, ते चित्र सांगत नाही. कधी मूल अख्खंच लाल किंवा पिवळं रंगवलेलं असतं.

एवढंच. अख्ख्या कॅनव्हासवर अवास्तव म्हणावं असं हे इतकंच. १९८४ मध्ये पोटाच्या आजाराने रुग्णालयात असताना याच झांगने भुताखेतांची, पांढऱ्या चादरींची चित्रं काढली होती. ती दालीच्या अर्थाने जास्त अतिवास्तववादी आहेत, पण मला ती कमी अस्वस्थ करतात. जिथे सगळंच विचित्र असतं तिथे आपण सावध होऊनच आत शिरतो. नव्याण्णव गोष्टी जागच्या जागी असल्या आणि शंभरावी जराशी सरकलेली असली, की सावध व्हायला वेळच मिळत नाही.

एवढं हुबेहूब काढायला शिकवलं कोणी?

नव्याण्णव गोष्टी जागच्या जागी ठेवायला हात तयार लागतो. या चित्रकारांचा हात तयार केला तो त्याच व्यवस्थेने, जिच्याकडे ते पुढे तिरक्या नजरेने पाहू लागले.

चीनमध्ये युरोपीय पद्धतीचं वास्तववादी चित्रण रुजवणाऱ्यांत श्यू बेइहोंग हे मोठं नाव. ते पॅरिसला शिकले. १९४० च्या सुमारास रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनातही राहिले, आणि डोंगर हलवणाऱ्या वेड्या म्हाताऱ्याचं त्यांचं भव्य चित्र भारतातच झालं. १९४९ मध्ये आलेल्या कम्युनिस्ट राजवटीत तेच बीजिंगच्या मध्यवर्ती ललित कला अकादमीचे पहिले प्रमुख झाले. तसं पाहिलं तर अतिवास्तववादही १९३० च्या दशकातच शांघाय आणि ग्वांगझोच्या तरुण चित्रकारांपर्यंत पोहोचला होता. जपानशी युद्ध पेटलं आणि तो धागा तुटला. १९४२ मध्ये येनान या कम्युनिस्टांच्या तळावरच्या भाषणांत माओने कला ही कामगार, शेतकरी आणि सैनिकांसाठी असं ठरवून टाकलं. १९५५ ते १९५७ या काळात सोव्हिएत चित्रकार मक्सिमोव्ह बीजिंगमध्ये निवडक चित्रकारांना तैलरंग शिकवत होता.

सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात, म्हणजे १९६६ ते १९७६ मध्ये, चित्रकलेचे नियम आणखी आवळले. चित्र लाल, उजळ आणि झळाळतं हवं. माओच्या चेहऱ्यावर करड्या किंवा थंड छटा नकोत, कारण त्या नेत्याला निस्तेज दाखवतात. उजेड जणू त्याच्याच चेहऱ्यातून फाकायला हवा. ब्रशचे फटकारे नकोत. शेतकऱ्याचे गाल टवटवीत, दात पांढरेशुभ्र आणि हसू कायमचं. ल्यू छुन्हुआने १९६७ मध्ये काढलेल्या ‘अध्यक्ष माओ आन्युआनला जातात’ या एकाच चित्राच्या सुमारे ९० कोटी प्रती छापल्या गेल्याचं सांगितलं जातं. घरात, शाळेत, कारखान्यात तेच चेहरे.

आता दालनातली चित्रं पुन्हा आठवा. युएचं ते गुलाबी, तुकतुकीत, न थांबणारं हसू याच भित्तिपत्रकांतून आलंय. फक्त भोवतालचं भरघोस पीक आणि ट्रॅक्टर काढून टाकलेत, म्हणजे हसण्याचं कारण काढून घेतलंय. झांगने ब्रशचा माग पुसण्याचा नियम तंतोतंत पाळला, आणि चेहऱ्यावर रंग भरला तो नेमका बंदी असलेला करडा. पॅरिसचे अतिवास्तववादी १९२४ च्या जाहीरनाम्यानंतर फ्रॉइडचं बोट धरून मनाच्या तळघरात उतरले. या चिनी चित्रकारांना तळघराची गरज पडली नाही. ज्या चित्रांत ते लहानाचे मोठे झाले, तीच पुरेशी स्वप्नवत होती. त्यांनी त्यातला एखादा खिळा सैल केला.

पहिला सैल खिळा लुओ झोंगलीचा म्हणता येईल. त्याच्या १९८० मधल्या ‘पिता’ या चित्रात दोन मीटरहून उंच कॅनव्हासवर एका गरीब शेतकऱ्याचा चेहरा आहे. रापलेला, सुरकुत्यांनी भरलेला, हातात चहाचा वाडगा. एवढ्या आकारात तोवर नेत्याचंच चित्र रंगवलं जाई. थिआनआनमेनच्या दरवाजावरचं माओचं चित्र सुमारे सहा मीटर उंच आहे आणि ते दर वर्षी नवं करून टांगतात. शेतकऱ्याला ती जागा मिळणं हाच धक्का होता. वरिष्ठांच्या सूचनेवरून त्याच्या कानामागे एक बॉलपेन रंगवण्यात आलं, म्हणजे तो नव्या, शिकलेल्या चीनचा शेतकरी दिसावा. ते पेन आजही तिथे आहे, आणि मला तरी चित्रातली सगळ्यात अतिवास्तव वस्तू तीच वाटते. लुओ आणि झांग दोघेही छोंगछिंगच्या सिचुआन ललित कला अकादमीतले. विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर आत आलेल्या पिढीचे.

> चौकट : दालनात गेल्यावर
> या चित्रांचे फोटो फसवे असतात. बहुतेक कॅनव्हास दीड-दोन मीटरचे, काही त्याहून मोठे. फोनच्या पडद्यावर ते व्यंगचित्रासारखे दिसतात. आधी लांबून पाहा, चेहरा काय म्हणतो ते बघा. मग जवळ जाऊन ब्रशचा माग दिसतो का ते शोधा. चित्राखालच्या पट्टीवर साल वाचायला विसरू नका. फेब्रुवारी १९८९ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात ‘चायना/अवां-गार्द’ हे मोठं प्रदर्शन भरलं. ‘मागे वळण्यास मनाई’ ही वाहतुकीची खूण त्याचं बोधचिन्ह होती. उद्घाटनाच्याच दिवशी श्याओ लू या कलावतीने आपल्याच मांडणीवर पिस्तूल झाडलं आणि प्रदर्शन तात्पुरतं बंद पडलं. जूनमध्ये थिआनआनमेन चौकात रणगाडे आले. त्याआधीच्या चित्रांत आवेश दिसतो. नंतरच्या चित्रांत जांभई, हसू आणि मुखवटे.

मुखवटा आणि हात

जांभई म्हणजे फांग लिजुन. टक्कल केलेला एक पुरुष तोंड वासून आहे. जांभई देतोय की ओरडतोय, कळत नाही. ली श्यान्थिंग या समीक्षकाने या साऱ्या प्रवाहाला ‘सिनिकल रिअॅलिझम’ म्हटलं. उपहासी वास्तववाद म्हणू हवं तर. आवेश संपल्यावर उरणारी ती वृत्ती.

वुहानचा त्संग फान्झी १९९० च्या दशकात बीजिंगला आला आणि ‘मास्क’ मालिका रंगवू लागला. सूटबुटातली शहरी माणसं, चेहऱ्यावर पांढरा मुखवटा, मुखवट्यावर रंगवलेले मोठे डोळे. चेहऱ्याला चिकटून बसलेला हा मुखवटा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते शोधायला डोळे बारीक करावे लागतात. पण चित्र फुटतं ते हातांपाशी. चेहरा कोरडा आणि गुळगुळीत. हात मात्र अवाढव्य, लालभडक, पेरापेरांत सुजलेले, सोललेल्या मांसासारखे. लहानपणी तो रुग्णालयाजवळ राहत होता आणि आधीच्या चित्रांत त्याने रुग्ण आणि मांसाची दुकानं रंगवली होती. चेहरा सावरता येतो, हातांचं काय करायचं, हा प्रश्न गर्दीत एकटं उभं राहिलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल.

त्याचं २००१ मधलं ‘द लास्ट सपर’ जवळपास चार मीटर रुंद आहे. लिओनार्दोची रचना तशीच. टेबलाशी ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांच्या जागी मुखवटे घातलेली, बालवीर दलाचे लाल रुमाल गळ्यात बांधलेली मंडळी, टेबलावर कलिंगडाच्या फोडी. ज्याने दगा दिला त्याच्या गळ्यात मात्र लाल रुमालाऐवजी पाश्चात्त्य पद्धतीचा पिवळा टाय. २०१३ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात हे चित्र १८ कोटी हाँगकाँग डॉलरना विकलं गेलं. त्याआधी २००७ मध्ये युएचं ‘एक्झिक्यूशन’ लंडनला सुमारे २९ लाख पौंडांना गेलं होतं.

या किमतींनी एक गंमत केली. सगळ्यांचा चेहरा सारखा, हेच ज्या चित्रांचं म्हणणं, ती सारखेपणामुळेच लांबून ओळखू येऊ लागली आणि त्याच कारणाने खपू लागली. हसणारा गुलाबी माणूस हा शिक्का झाला. नंतरची काही चित्रं पाहताना भीती वाटत नाही, कारण हसू आता ओळखीचं झालंय. दोष निव्वळ बाजाराचा नाही. एखादा खिळा सैल करण्याची युक्ती तोवरच चालते, जोवर पाहणाऱ्याला बाकीचे खिळे घट्ट असल्याची खात्री असते.

चित्रातून गेलेली माणसं

युएने मात्र नंतर एक मालिका अशी केली, जिच्यात हसणारा माणूस नाही. कोणताच माणूस नाही. त्याने प्रसिद्ध चित्रं घेतली आणि त्यांतली माणसं काढून बाकीचं जसंच्या तसं रंगवलं. त्यांपैकी एक मूळ चित्र दोंग शीवेनचं ‘राष्ट्रस्थापना सोहळा’. १ ऑक्टोबर १९४९ रोजी थिआनआनमेनच्या सज्जावर माओ घोषणा वाचतोय, मागे नेते रांगेत उभे आहेत, खाली चौकात निशाणं फडकताहेत. दोंगने ते १९५३ मध्ये पूर्ण केलं आणि पाठ्यपुस्तकांपासून दिनदर्शिकांपर्यंत सगळीकडे ते पोहोचलं.

मग चित्रातल्या माणसांचं नशीब फिरू लागलं. त्यांतला एक नेता गाओ गांग पक्षातून हाकलला गेला, तेव्हा त्याला चित्रातून पुसायची आज्ञा दोंगला झाली. सांस्कृतिक क्रांतीत राष्ट्राध्यक्ष ल्यू श्याओची शत्रू ठरला. त्यालाही चित्रातून काढावं लागलं. १९७२ मध्ये आणखी एका नेत्याला, लिन बोछूला, काढायचं ठरलं. दोंग तेव्हा इतका आजारी होता की दुसऱ्या चित्रकारांना नवी प्रतच करावी लागली. पुढच्या वर्षी दोंग वारला. १९७९ मध्ये वारं फिरलं आणि काढलेली माणसं चित्रात परत आणली गेली.

युएच्या कॅनव्हासवर खांब आहेत, कंदील आहेत, गालिचा आहे, खाली तो अफाट चौक आहे, आणि सज्जा रिकामा आहे. दोंगला एकेक करून जे करायला लावलं होतं, ते त्याने एका दमात पुरं केलंय.